कोळशाच्या खोऱ्यातली मधली पिढी

एखाद्या गावातून भाषा निघून जाते तेव्हा ती सगळीच्या सगळी जात नाही. काही शब्द मागे राहतात. ज्या गावात माझे बालपण गेले तेथील माणसे इंग्रजी बोलत. पण जिन्याखालच्या कोळसा साठवण्याच्या कोनाड्याला ती ‘कुच’ म्हणत, आणि रडणाऱ्या मुलाला कुशीत घेणे हेही ‘कुच’च. मठ्ठ मुलगा ‘टुप’ ठरे. किळस आली की तोंडातून ‘आख-अ-वी’ बाहेर पडे, आपल्या ‘शी’सारखे. आजीला ‘मामगी’ म्हणत, आणि नात्यागोत्याची नसलेली शेजारची वडीलधारी बाई ‘बोपा’ असे, म्हणजे मावशी किंवा आत्या. हे सारे शब्द वेल्श भाषेतले. ते बिनचूक वापरणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र वेल्श येत नव्हते. त्यांच्या आजीआजोबांना येत होते.

गाव दक्षिण वेल्समधल्या ऱ्होन्दा वाख खोऱ्यातले. ‘वाख’ म्हणजे धाकटी. मूळ शब्द ‘बाख’. नाम स्त्रीलिंगी असले की मागून येणाऱ्या विशेषणाचा ‘ब’ बदलून ‘व’ होतो. शब्दाचा पहिलाच वर्ण असा संदर्भानुसार पालटणे हे वेल्श व्याकरणाचे वैशिष्ट्य आहे. ‘बाख’चा अर्थ लहान, आणि लाडकाही. आपल्या ‘बाळ’ या शब्दात जी माया आहे तीच त्यात आहे, आणि बाळप्रमाणेच तो साठीच्या माणसालाही लावता येतो.

माझे वडील बेळगावचे. १९६७ साली ते ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत डॉक्टर म्हणून गेले, आणि पुढच्या वर्षी आई मला घेऊन तिकडे गेली. मी तेव्हा चार वर्षांची होते. खाणींच्या खोऱ्यांत दवाखाना चालवायला इंग्रज डॉक्टर फारसे राजी नसत. त्या जागा भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. योगायोग असा की ती आरोग्य सेवा १९४८ साली उभी करणारे मंत्री अनायरिन बेव्हन हे याच कोळसापट्टीतल्या ट्रेडेगरचे, एका खाणकामगाराचे पुत्र. ट्रेडेगरचे कामगार आपल्या पगारातून वर्गणी काढून डॉक्टर आणि औषधे यांची सोय करीत. बेव्हन यांनी तीच रीत साऱ्या देशाला लावली. त्यामुळे डॉक्टर हा त्या माणसांच्या लेखी परका साहेब नसे, तो त्यांचा स्वतःचा असे. माझ्या वडिलांचे नाव कोणाला धड उच्चारता येत नव्हते, पण त्यांना कोणी परके मानल्याचे मला आठवत नाही.

खोरे अरुंद होते. दोन डोंगरांच्या मध्ये नदी, कोळसा धुतलेल्या पाण्याने काळी झालेली. तिच्या दोन्ही अंगांना उतारावर एकमेकींना चिकटून बांधलेल्या दगडी घरांच्या रांगा, आणि वरच्या टोकाला मार्डीची खाण. खाणकामगाराला पगाराबरोबर कोळसाही मिळे. गाडी येऊन दारासमोर रस्त्यावरच ढीग ओतून जाई, आणि मग घरातली सारी माणसे बादल्या भरभरून तो आत नेत. म्हाताऱ्या विधवेच्या दारचा ढीग शेजारच्या मुलांनी उचलायचा, हा न सांगता पाळला जाणारा नियम होता. मीही तो पाळला आहे.

पुरुष खाणीवरच्या न्हाणीघरातून आंघोळ करून घरी येत, तेव्हा ते काळेकुट्ट कधी दिसले नाहीत. पण त्यांच्या कपाळावर, मनगटांवर, बोटांच्या पेरांवर निळ्या रेघा असत. आईला आरंभी ते गोंदण वाटले. आमच्याकडे बायका गोंदतात, इथे पुरुष गोंदतात, असे तिने आजोबांना पत्रातही लिहिले होते. पुढे वडिलांनी सांगितले की जखमेत कोळशाची पूड शिरून कातडी वरून मिटली की तो निळा रंग जन्मभर जात नाही.

छातीत शिरणारी पूड याहून वाईट. त्या आजाराला लांबलचक वैद्यकीय नाव आहे, पण गावात त्याला नुसते ‘धूळ’ म्हणत. सरकारी वैद्यक मंडळ कामगाराला तपासून त्याच्या अपंगत्वाचा शेकडा ठरवी आणि त्या प्रमाणात भरपाई मिळे. त्यामुळे अमक्याला तीस टक्के धूळ आहे, तमक्याची पन्नासवर गेली, अशी बोलणी दुकानाच्या रांगेत चालत. टक्केवारी मी शाळेत शिकण्याआधी अशी शिकले.

डोंगरावर खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे प्रचंड ढिगारे होते. पूर्वेला दोन डोंगर ओलांडले की अॅबरव्हॅन. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी तेथला असाच एक ढिगारा पावसाने सुटून शाळेवर आणि घरांवर कोसळला, आणि १४४ माणसे गेली. त्यांतली ११६ मुले होती. आम्ही गेलो तेव्हा त्या घटनेला दोनच वर्षे झाली होती. गावात कोणी तिच्याविषयी बोलत नसे. फक्त सलग दोन दिवस पाऊस लागला की शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया माना वर करून डोंगराकडे पाहत. काही महिन्यांत माझी आईही पाहू लागली.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक वृद्ध जोडपे राहत असे. तो निवृत्त खाणकामगार, साठ टक्के धुळीचा. ती साऱ्या गल्लीची बोपा. माझी आई तिला ‘अक्का’ म्हणू लागली, बेळगावच्या सवयीने, आणि ती आईला ‘बाख’ म्हणे. दोघींची पहिली दोन वर्षे इंग्रजीत फार थोडे संभाषण झाले असेल. परसातल्या भिंतीवरून वाटीची देवाणघेवाण मात्र रोज चाले. बोपा आणि तिचा नवरा आपसांत वेल्श बोलत. त्यांची विवाहित मुलगी पलीकडच्या गल्लीतून आली की दोघेही त्याच श्वासात इंग्रजीवर येत. मी लहान असल्याने मला वाटे की वेल्श ही म्हातारपणी येणारी भाषा असावी, जसे पांढरे केस येतात.

आता थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण सीमाभागातल्या वाचकाला पहिला प्रश्न हाच पडेल की ही भाषा कोणी बंद केली? १५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची आणि अधिकारपदांची भाषा इंग्रजी ठरली. वेल्श बोलणाऱ्याला अधिकाराचे दार मिटले, घराचे उघडे राहिले. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले, आणि राजदरबारातून हाकललेली भाषा प्रार्थनामंदिरात मानाने बसली. १८४७ मध्ये तीन सरकारी तपासनिसांनी वेल्समधल्या शाळांचा अहवाल दिला. त्या तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते, आणि निष्कर्ष असा की ही भाषाच लोकांच्या अज्ञानाचे व अनीतीचे कारण आहे. निळ्या वेष्टनांच्या त्या अहवालाला वेल्श माणसे आजही ‘निळ्या पुस्तकांचा द्रोह’ म्हणतात. त्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवीत. तो दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून देई तेव्हा पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला मार बसे. लक्षात घ्यावे की अशी पाटी लावा असा कोणताही सरकारी कायदा नव्हता. मास्तर ती आपणहून लावीत आणि पुष्कळ पालकांना ते मान्य असे.

इतके होऊनही भाषा मेली नव्हती. कोळशासाठी ऱ्होन्दात माणसांचा लोंढा आला, १९११ पर्यंत वस्ती दीड लाखावर गेली, त्यात इंग्लंडहून आलेलेही पुष्कळ होते; तरी त्या वेळी निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत होते. मार दिलेली पिढी भाषा सोडत नाही. ती सुटली पुढे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९२६ चा दीर्घ लढा कामगार हरले, मग मंदी आली, खाणी बंद पडू लागल्या, आणि लाखो माणसे इंग्लंडच्या कारखान्यांकडे निघाली. तिथे इंग्रजी लागे. ज्या बापाने आयुष्यभर जमिनीखाली गुडघ्यांवर रांगत कोळसा फोडला त्याला एवढेच हवे होते की मुलाने खाणीत उतरू नये. खाणीतून बाहेर नेणारी वाट इंग्रजीची होती. म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने मुलांशी इंग्रजी बोलायचे ठरवले. हा निर्णय प्रत्येक घरात स्वतंत्रपणे, दार लावून, मायेपोटी घेतला गेला. त्यावर कोणाची सही नाही, म्हणून त्याचा निषेधही कोणाला करता आला नाही.

तोच निर्णय आमच्या दारापर्यंत आला. मी पाचसहा वर्षांची असताना शाळेतल्या एका बाईंनी आईला बोलावून समजावले की घरी तुमची भाषा बोलणे थांबवा, नाहीतर मुलीचे इंग्रजी कच्चे राहील. बाई दुष्ट नव्हत्या. माझे भले व्हावे असेच त्यांना वाटत होते. वडिलांनाही त्यात तथ्य दिसले. आई दोन दिवस माझ्याशी इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न करीत होती, आणि तिचे इंग्रजी इतके तोकडे की त्या दोन दिवसांत ती माझ्याशी जेव, झोप, चल यांपलीकडे काही बोलूच शकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवरून हे बोपाला सांगितले. बोपाने हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाली, “नको, बाख. तसे करू नकोस. मी केले आहे.” आणखी काही न बोलता ती आत गेली. आईने त्या संध्याकाळपासून पुन्हा मराठी सुरू केली. आजोबांनी समुद्रमार्गे पाठवलेली अंकलिपी दोन महिन्यांनी पोहोचली, आणि कोळशाच्या शेगडीसमोर बसून मी अक्षरे गिरवली.

बोपाच्या त्या चार शब्दांचा अर्थ आम्हांला १९७३ च्या हिवाळ्यात कळला. तिच्या नवऱ्याचा श्वास संपत आला होता. वडील दिवसातून दोनदा त्याला पाहायला जात. शेवटच्या आठवड्यात त्याची इंग्रजी गेली. असे होते, वडिलांनी ते पुढेही काही वृद्ध रुग्णांत पाहिले. उशिरा शिकलेली भाषा आधी गळून पडते आणि माणूस आईच्या भाषेत परततो. तो म्हातारा वेल्शमध्ये बोलत होता, धापा टाकत, एकेक शब्द वेगळा करून, आणि त्याची मुलगी त्याचा हात धरून उशाशी बसली होती. तिला त्यातले काही कळत नव्हते. “आई, काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?” असे ती पुनःपुन्हा विचारी, आणि बोपा त्याचे इंग्रजी करून सांगे. डॉक्टरला दुभाषी लागावा हे वडिलांना समजण्यासारखे होते. पोटच्या मुलीला लागावा, हे त्यांना सोसले नाही. ते घरी आले आणि आईला म्हणाले, “हिच्याशी मराठीतच बोलत जा.” मी जेवत होते. वडिलांच्या आवाजात तसा कंप मी आधी कधी ऐकला नव्हता.

आमच्या शाळेत वेल्श अगदीच नव्हती असे नाही. १ मार्च हा वेल्सच्या संतपुरुषाचा, सेंट डेव्हिडचा दिवस. त्या दिवशी मुली उंच काळी टोपी आणि शाल घालून येत, आणि आम्ही सारे वेल्श गीते गात असू. वेल्सचे राष्ट्रगीत १८५६ साली जवळच्याच पॉन्टिप्रीदमध्ये एका बापलेकांनी रचले, त्याचा आम्हांला अभिमान होता. दोन वेण्यांवर ती टोपी चढवून मीही ते तोंडपाठ म्हणे. अर्थ मला कळत नव्हता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वेल्श मुलांनाही कळत नव्हता. २ मार्चला टोप्या पेटीत जात. आपल्याकडे २७ फेब्रुवारीचे समारंभ होतात तेव्हा मला त्या टोप्या आठवतात. वर्षातून एक दिवस घालण्याची वस्तू झाली की भाषा पोशाख बनते, आणि पोशाख मोडीत निघायला वेळ लागत नाही.

मात्र त्याच वर्षांत दुसरेही काही घडत होते. १९६२ साली सॉन्डर्स लुईस या साहित्यिकाने रेडिओवर ‘भाषेचे भवितव्य’ हे भाषण दिले आणि सांगितले की क्रांतिकारी मार्गांनी प्रशासनाला वेल्श वापरायला भाग पाडले नाही तर ही भाषा या शतकाअखेर संपेल. त्यातून वेल्श भाषा संघटना उभी राहिली. तिचे तरुण कार्यकर्ते रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्यांना रंग फासत, पकडले जात, तुरुंगात जात. त्याच १९६२ साली पॉन्टिप्रीदजवळ ऱ्हिदव्हेलेन येथे दक्षिण वेल्समधली पहिली वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली, आणि १९७१ साली वेल्श बालवाड्यांची संघटना स्थापन झाली. या शाळांत मुले घालणाऱ्या अनेक आईबापांना स्वतःला वेल्श येत नव्हते, ही त्या चळवळीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते.

बोपाची मुलगी त्यांपैकी एक. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी तिने आपल्या चार वर्षांच्या मुलाला वेल्श बालवाडीत घातले. गल्लीत तिची चेष्टा झाली. मेलेल्या भाषेवर पोराचे आयुष्य घालवतेस, असे तिला तोंडावर सांगणारेही होते. वर्षभराने तो मुलगा बोपाच्या मांडीवर बसून तिच्याशी वेल्श बोलू लागला. बोपा हसे, त्याच्या चुका सुधारी, मध्येच डोळे पुशी. समोरच्या खुर्चीवर बसलेली तिची मुलगी दोघांच्या तोंडाकडे पाहत राही. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा, दोघांमध्ये चाललेले बोलणे तिचे स्वतःचे असायला हवे होते, आणि ते तिने स्वतःच परत आणले होते. पण तिच्या वाट्याला ते आले नाही. बापाच्या उशाशी ती जिथे होती तिथेच पुन्हा बसलेली. या वेळी तिने विचारले नाही की काय म्हणतोय तो.

पुढचा वृत्तान्त थोडक्यात सांगते. वेल्श दूरचित्रवाहिनीचे दिलेले वचन सरकारने मागे घेतले तेव्हा, १९८० मध्ये, ग्विनव्होर एव्हन्स या नेत्याने आमरण उपोषणाचा निर्धार जाहीर केला. सरकार नमले, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ती वाहिनी सुरू झाली. १९८३ साली आम्ही बेळगावला परतलो. मार्च १९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला. वर्षभरात मार्डीचा एकही कामगार तो फोडून कामावर गेला नाही. ५ मार्च १९८५ रोजी हरलेले ते पुरुष वाद्यवृंद पुढे घालून ताठ मानेने खाणीत परतले. डिसेंबर १९९० मध्ये ती खाण बंद झाली, आणि साऱ्या ऱ्होन्दात एकही खाण उरली नाही. ज्या खाणीतून मुलांना वाचवण्यासाठी भाषा सोडली ती खाणच गेली. इंग्रजी बोलणारी नातवंडे त्या खोऱ्यात बेकार राहिली. भाषा देऊन जे विकत घेतले होते ते असे हातातून गेले.

२०११ च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. पाट्या, न्यायालये, विधिमंडळ, सर्वत्र ती आता दिसते. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के भरले. १९११ साली ते ४३.५ टक्के होते. शाळेने भाषा परत दिली हे खरे, आणि शाळेतून आलेली भाषा पुष्कळदा शाळेच्या फाटकापाशीच थांबते हेही खरे. बोपाचा तो नातू आज वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्याने मला लिहिले होते की वर्गात अस्खलित वेल्श बोलणारी मुले मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडतात. भांडणाची भाषा शिकवता येत नाही, ती घरातून यावी लागते.

आपण सीमाभागातली माणसे हक्काविषयी बोलतो, आणि बोललेच पाहिजे. मराठी शाळा, मराठी परिपत्रके, मराठी पाट्या यांवाचून भाषेला सार्वजनिक जागा राहत नाही. वेल्सनेही ती जागा तुरुंगवास सोसूनच मिळवली. पण १५३६ च्या कायद्याला चारशे वर्षांत जे साधले नाही ते आईबापांच्या मायेने एका पिढीत साधले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बेळगावात, इंदूरात, बडोद्यात, हैदराबादेत आज किती घरांत मुलांच्या भल्यासाठी हाच निर्णय दार लावून घेतला जात असेल, याची मोजदाद कोणताही आयोग करणार नाही. ती आपली आपणच करावी लागेल. रविवारी घरात तीन पिढ्या एका पंगतीला बसल्या की आजी आणि नातवंड यांच्या मध्ये कोणाला दुभाषी व्हावे लागते का, एवढेच पाहावे.